तुम्ही विचारलंत म्हणून: साप नंतर, आधी उंदीर

घरात साप निघाला की लोक मला फोन करतात, आणि साप पिशवीत गेला की जमलेल्या पोरांपैकी एकजण तरी बाजूला घेऊन विचारतोच, "दादा, बॉल पायथन पाळून पिल्लं विकायचीत, पैसे थोडेच आहेत, सुरुवात कशी करू?" माझ्याकडे नोंदणी केलेले बॉल पायथन, म्हणजे परदेशी अजगराची एक लहान जात, आहेत हे दापोलीत बऱ्याच जणांना माहितीये. उभ्याउभ्या सांगून होत नाही म्हणून इथे लिहितोय.

आपल्याकडचा कुठलाही साप धंद्यासाठी धरायचा नाही, एवढं आधी पक्कं करा. नाग, घोणस, धामण, अजगर सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मांडूळ गुप्तधन दाखवतं म्हणून लाखांच्या गोष्टी करणारे लोक आहेत, त्यांचा फोन आला तर ठेवून द्या, तो सरळ गुन्हा आहे. विष काढून विकायचं डोक्यात असेल तर तेही सोडा, ते काम चेन्नईजवळची, साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींची १९७८ ला स्थापन झालेली सोसायटी सरकारी परवानगीने करते, घरच्या पडवीत होणारं ते काम नाही.

बॉल पायथन आफ्रिकेतला, बिनविषारी. पण त्याचं नाव साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यामुळे असा प्राणी बाळगायचा तर केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाईटवर नोंदणी लागते, पिल्लं झाली, साप मेला, दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारा, लाजू नका. आणि कागद नसलेला साप कुणी निम्म्या भावात देत असेल तर तो कुठून कसा आणलाय ते तुम्हालाही कळतं, मग घेऊ नका.

आता पैशांचं. सगळे सापाची किंमत विचारतात, उंदरांचं कुणी विचारत नाही, आणि खरा खर्च आणि रोजची मेहनत तिथेच आहे. आपल्याकडे फ्रोझन उंदीर दुकानात सहज मिळत नाहीत म्हणून पांढरे उंदीर स्वतःच वाढवायचे, मादी बावीस-तेवीस दिवसांत विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात, खाली भाताचं तूस घाला, गिरणीत स्वस्त मिळतं, पण दोन दिवस साफसफाई चुकली की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. घरातले, शेतातले उंदीर पकडून देऊ नका, त्यांच्या पोटात विषारी औषध असू शकतं, जंत तर असतातच. जिवंत उंदीरही सापापुढे सोडू नका, भूक नसलेल्या सापाची पाठ उंदराने हाडापर्यंत कुरतडलेली मी बघितलीये, ती जखम भरायला महिने लागतात. झटकन मारलेला उंदीर, गरम असताना, लांब चिमट्याने द्यायचा.

दुसरा खर्च पावसाचा. मुंबई-पुण्याचे लोक हिटिंगवर पैसे घालतात, आपल्याला उन्हाळ्यात हिटरची फारशी गरज पडत नाही, पण जूनपासून चिऱ्याच्या भिंती पाणी धरतात आणि हवा नव्वद टक्क्यांच्या वर दमट. सापाला साठच्या आसपास पुरते. ओल राहिली की पोटाखालचे खवले लालसर होतात, मग सडतात. म्हणून पावसाळ्यात सापाच्या डब्यातला काथ्याचा भुसा काढून टाका, साधा वर्तमानपत्राचा कागद घाला, रोज बदला, डब्याला भोकं जास्त पाडा. थर्मोस्टॅट, म्हणजे हिटर आपोआप चालू-बंद करून तापमान सांभाळणारं यंत्र, मात्र चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

आणि लाईट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अंडी ३१-३२ डिग्रीवर पंचावन्न ते साठ दिवस ठेवायची असतात. मासळीचा थर्माकोलचा जाड खोका स्वच्छ धुऊन घ्या, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, लाईट गेली तरी काही तास गरमी टिकते, पुढे इन्व्हर्टर हवाच. अंडं उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहू द्या, कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नाही, आतला जीव कवचाला चिकटलेला असतो, उलटलं तर मरू शकतो. अंधारात मागून मोबाईलचा टॉर्च लावला की लाल शिरांचं जाळं दिसतं, ते बघताना मला अजूनही बोलायला सुचत नाही.

मादी दीड किलोच्या आसपास आणि साधारण तीन वर्षांची होईपर्यंत तिला नराबरोबर सोडू नका, एका वेळी अंडी बहुतेक चार ते आठच मिळतात, म्हणजे पहिली तीन वर्षं उत्पन्न शून्य धरा, काजू-आंब्याचं किंवा नोकरीचं जे काही आहे ते सोडू नका. स्पायडर नावाचा मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा एक प्रकार, सुंदर दिसतो, त्याची मान मात्र जन्मभर डुगडुगते, ते त्याच्या जनुकातच आहे, पैशांसाठी असा जीव जन्माला घालू नये असं माझं ठाम मत आहे. पिल्लाची पहिली कात आठ-दहा दिवसांत पडते, त्यानंतर ते स्वतःहून तीन वेळा खाईपर्यंत कुणालाही देऊ नका, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

ज्यांना खरंच करायचंय त्यांनी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, उंदरांची एक जोडी आणा, गणपतीपर्यंत नीट सांभाळा, वनखात्याचं लेखी उत्तर हातात घ्या. तेवढं झालं की घरी या, थर्मोस्टॅट कसा जोडायचा ते बसून दाखवतो.