ओस घरांच्या खिडक्या टिपताना: खानापूर, नंदगड, कॅसलरॉक

खानापूर तालुक्यात अख्खं ओस पडलेलं गाव शोधत हिंडण्यात अर्थ नाही. इथे ओस पडते ती गल्लीची एक बाजू, वाडीतली चार-सहा घरं, वापरातून गेलेल्या रेल्वे क्वार्टर्सची एखादी ओळ. माणसं मुंबई-पुण्याला नाहीतर गोव्याला गेली, दाराला कुलूप लागलं, पण दोन घरं सोडून तिसऱ्यात चूल पेटते. त्यामुळे इथे कॅमेरा घेऊन फिरताना विचारपूस आधी, फोटो नंतर.

आमची फेरी डिसेंबरातली. बेळगावहून खानापूर साधारण २५ किलोमीटर, तिथून नंदगड आणखी १०-११. नाश्ता खानापुरातच उरकावा आणि पाणी भरून घ्यावं, पुढे वाड्यांमधून दुकान मिळेलच असं नाही. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ नंदगडहून जवळच आहे, पण कदंबांच्या काळातल्या त्या दगडी कामाला वेगळा दिवस हवा. खिडक्यांच्या फेरीत ते कोंबलं की दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं.

नंदगड ही गोव्याकडच्या मालाची जुनी पेठ, त्यामुळे खिडक्यांचं काम इथे भक्कम मिळतं. एका बंद वाड्याची खिडकी नीट पाहिली तर घर कसं मोडत जातं ते कळतं. वरची पट्टी शाबूत, तिच्यावरची वेलबुट्टी अजून बोटाला लागते. उभ्या चौकटीला मधोमध चिरा गेलेल्या. खालची चौकट मात्र भुसभुशीत, कारण पावसाचं पाणी तिच्यावरच साचतं आणि वाळवी तिथूनच चढते. गजांच्या मुळाशी गंजाचे ओघळ चुन्यावर उतरलेले. डाव्या झडपेची वरची बिजागरी सुटली की झडप तिरकी होऊन खालच्या बिजागरीवर लोंबकळते. ही तिरकी झडप सरळ करायला हात लावू नये, उरलेला स्क्रूही निघतो आणि झडप खाली येते.

आता उजेड. पहाटेचं कोवळं ऊन सगळ्यांना आवडतं, पण पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ते समोरून पडतं आणि लाकडाच्या रेषा सपाट करून टाकतं. झिजलेल्या लाकडाला ऊन भिंतीला घासून जाणारं लागतं. पूर्वेच्या भिंतीला ते अकरा ते बारा-सव्वाबारा, पश्चिमेच्या भिंतीला एक ते दोन. दक्षिणेच्या भिंतीला डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा अर्धा तास, कारण त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो आणि किरण भिंतीवर तिरपे येतात. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊनच नाही. तिथे सावलीतला मऊ उजेड मानून रंगांचे फोटो घ्यावेत, पोताचे नव्हेत.

मे महिन्याचा पहिला आठवडा खास आहे. या अक्षांशावर तेव्हा सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि चारही भिंतींवरून ऊन सरळ खाली उतरतं. चौकटीची प्रत्येक कड, गजाची प्रत्येक गाठ लांब सावली टाकते. पण हे छप्पर उडालेल्या घरालाच लागू. वळचण शाबूत असेल तर भिंत पूर्ण सावलीत जाते. शिवाय मेमध्ये दुपारनंतर वळीव कधीही कोसळतो, तेव्हा कॅमेऱ्याला रेनकोट हवाच.

म्हणून घरासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा छप्पर बघावं. कौलं जागेवर असतील तर आत अंधार, आणि खिडकी काळा चौकोन होऊन बसते. तो काळा राहू द्यावा, उजेड झडपांना मोजावा. छप्पर गेलं असेल तर खिडकीतून मागचं आभाळ किंवा घाणेरीची झुडपं दिसतात. तिथे ट्रायपॉड लावून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्यावेत. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११.

खिडकी वाकडी दिसते ती कॅमेरा वर झुकवल्यामुळे. लेन्स खिडकीच्या मध्याच्या उंचीला आणावी, भिंतीला समांतर ठेवावी. शक्य असेल तर ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन मागे सरकावं. बोळात जागा नसेल तर २४ मिलिमीटर, पण चारही बाजूंनी ऐसपैस मोकळं सोडावं, कारण नंतर रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. फोनवाल्यांनी मुख्य लेन्सच वापरावी, अल्ट्रावाइडने गज धनुष्यासारखे वाकतात.

रंगाचंही एक आहे. इथल्या चुन्यात नीळ घातलेली असते आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, ती निळाई धुऊन टाकतो. तो ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर बांधून ठेवावा. पावसानंतर जांभ्यावरच्या ओल्या शेवाळाची चमक मारायला पोलरायझर कामाला येतो, कोरड्या लाकडावर त्याचा फारसा उपयोग नाही.

आत शिरण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: शिरू नये. कौल फुटलं की रीप कुजते, मग वासा, मग मातीच्या भिंतीत पाणी मुरतं आणि ती दोन-तीन पावसाळ्यांत बसते. जांभ्याची भिंत टिकते, पण तुळई गेल्यावर तिला आधार उरत नाही. बाहेर झुकलेल्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट लांब उभं राहावं. माळ्याच्या फळ्यांवर पाय देऊ नये. परसात चालताना काठीने झुडूप चाचपावं, कठडा ढासळलेली विहीर त्याखाली झाकलेली असते. दगडांच्या ढिगात घोणस, फुरसं असतंच.

डिसेंबर ते मे जंगलाकडच्या भागात गोचिडांमुळे माकडतापाचा धोका असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही. परतल्यावर आठवडाभरात ताप आला तर जंगलात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

शेजारच्या घरी "काका, हे घर कुणाचं ओ?" एवढं विचारलं की पुढचं सोपं होतं. "काढा की, पण आत जाऊ नका," हेच उत्तर बहुतेक मिळतं. तुळशीवृंदावन किंवा देवघराचा कोनाडा फोटोत येत असेल तर वेगळं विचारावं, चपला लांब काढाव्यात. फोटो टाकताना मात्र त्यातली जीपीएसची नोंद काढून टाकावी आणि वाडीचं नाव लिहू नये. जुन्या सागवानी चौकटींना हॉटेलं-रिसॉर्टच्या सजावटीसाठी गिऱ्हाईक आहे आणि बंद घराला राखण नसते. या लेखातही छोट्या वाड्यांची नावं आम्ही त्यासाठीच टाळली आहेत.

कॅसलरॉक हे रेल्वे स्टेशनचं गाव लोंढ्याच्या पुढे, उत्तर कन्नडच्या हद्दीत. पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे १९६१ पर्यंत, गोव्याची सरहद्द इथून लगेच सुरू व्हायची. पाऊस प्रचंड, त्यामुळे लाकूड लवकर काळं पडतं आणि दगडावर शेवाळ जाड. फोटो गावातल्या रस्त्यावरूनच घ्यावेत. रुळांवर किंवा रेल्वेच्या बंद आवारात परवानगीशिवाय शिरणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. भोवतीच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरू नये, ड्रोन तर काढूच नये.

इथे धुकं सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. एसी लावलेल्या गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते, म्हणून पोचण्याआधी वीस मिनिटं एसी बंद करून काचा उघडाव्यात. घरी आल्यावर बॅग दिवसभर उघडी ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात, नाहीतर या हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.