१९२०च्या ॲक्रन संघातला एक बदली गडी

ओहायोतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात, स्थानिक इतिहासाच्या विभागात मी काम करते. जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म स्कॅन करायच्या, संगणकाने त्यातून वाचलेला मजकूर तपासायचा आणि आपल्या घराण्याचा माग काढायला येणाऱ्यांना मदत करायची. बहुतेकांना कुणाच्या तरी निधनाची बातमी हवी असते. तारीख माहीत असेल तर चहा निवायच्या आत ती सापडते. गेल्या महिन्यात आलेलं एक काम मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांचे आजोबा टायरच्या कारखान्यात कामाला होते आणि १९२० साली रविवारी रविवारी ओहायोतल्याच ॲक्रन शहराच्या ॲक्रन प्रोज संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळले, असं आजी सांगायची. मुकादमाला कळू नये म्हणून ते दुसऱ्याच नावाने उतरायचे. ते दुसरं नाव कोणतं, हे घरात आता कुणालाच ठाऊक नाही. "तुमच्या लेटरहेडवर एवढं लिहून द्या, की ते खेळले होते," ते म्हणाले. सोबत एक फोटो होता. जाड कापडी विजारी घातलेले दहा-बारा जण, अंगावर नंबर नाहीत, मागे काही लिहिलेलं नाही.

हा हंगाम कोणता, ते सांगायला हवं. आज एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणून जिचा जगभर डंका आहे, त्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा तो पहिलाच हंगाम. २० ऑगस्ट १९२० रोजी कँटन गावात तिथल्या संघाचे मालक राल्फ हे (Hay) यांच्या हपमोबाईल मोटारींच्या शोरूममध्ये ओहायोतले चार संघ जमले. १७ सप्टेंबरला तिथेच पुन्हा बैठक झाली, तेव्हा इतकी माणसं आली की काहींनी मोटारींच्या पायऱ्यांवर बसकण मारली. स्टॉकहोम ऑलिंपिक गाजवलेल्या जिम थॉर्पला अध्यक्ष केलं. एनएफएल हे नाव १९२२ सालचं. त्या पहिल्या वर्षी चौदा संघ होते, पण वेळापत्रक नव्हतं. जत्रेतल्या फडात वस्ताद आपसात जोड ठरवतात तसे संघांचे मालक आपसात सामने ठरवायचे. लीगबाहेरच्या संघांशीही खेळायचे. गुणतक्ता कुणी ठेवला नाही.

ॲक्रनने त्या हंगामात अकरा सामने खेळले. आठ जिंकले, तीन बरोबरीत सुटले, एकही हरला नाही. स्वतः १५१ गुण केले आणि समोरच्यांना मिळून फक्त सात दिले, तेही क्लीव्हलँडच्या संघाशी झालेल्या ७-७ च्या एकाच सामन्यात. हे आकडे मी अनेकदा वाचलेत, तरी दर वेळी थांबते. तेव्हा आक्रमणाला वेगळे आणि बचावाला वेगळे अकरा नव्हते. तेच गडी दोन्हीकडे राबायचे.

आता माझ्या कामाविषयी. लोकांना वाटतं, शोधाच्या चौकटीत नाव टाकलं की झालं. आमच्या विभागातल्या नव्या मुलांनाही तसंच वाटतं, आणि त्याचा मला राग येतो. १९२०च्या क्रीडापानावर संघाची यादी तीन रकान्यांत छापलेली असते. डावीकडे एका संघाची नावं, मधे मैदानावरच्या जागांची आद्याक्षरं, उजवीकडे दुसऱ्या संघाची नावं. संगणक ती आडवी वाचतो आणि दोन माणसांचं एक आडनाव करून टाकतो. फिकट शाईत आर आणि एन ही अक्षरं चिकटली की त्यांचा एम होतो. बदली खेळाडूंची ओळ सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक टायपात. बातमीदाराने आडनाव कानाने ऐकून लिहिलेलं असतं ते वेगळंच. म्हणून मी शोध बाजूला ठेवते आणि पानं डोळ्यांनी वाचते. सामना रविवारी, म्हणजे सोमवारचं पान. त्यानंतर पाहुण्या संघाच्या गावचं त्याच दिवशीचं वर्तमानपत्र. यजमान गावचा बातमीदार आपली पोरं ओळखतो, पाहुण्यांची नावं चुकवतो. दोन्ही पानं शेजारी ठेवली की निम्म्या चुका आपोआप कळतात.

घरातली गोष्ट मला अशक्य वाटली नाही. ॲक्रनकडून खेळणारा अल नेसर हा कोलंबसच्या ज्या भावांपैकी एक, ते रेल्वेत बॉयलर बनवणारे कामगार. व्हीलिंगच्या संघाविरुद्ध निसटलेला चेंडू उचलून त्याने एकाच सामन्यात तीन टचडाऊन केले होते, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला होता. खोट्या नावांची चालही खरी. कॉलेजची पोरं अशी खेळायची म्हणून लीगने ते बंद करायचं ठरवलं होतं, तरी पुढच्याच वर्षी ग्रीन बे पॅकर्स संघाने कॉलेजचे खेळाडू उतरवले आणि जानेवारी १९२२ मध्ये त्यांना लीगमधली जागा सोडावी लागली.

शिवाय तारखा पाहा. २१ नोव्हेंबरला डेटनशी सामना, २५ला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कँटनशी, २८ला पुन्हा डेटनशी. आठ दिवसांत तीन, आणि तिन्ही जिंकले. इतकी हाडं मोडून घेतल्यावर गावातल्या एखाद्या दणकट कामगाराला हाक मारली गेली असेल, तर ती याच आठवड्यात. म्हणून मी तिथेच जास्त वेळ घालवला. २८ तारखेच्या सामन्याच्या बातमीत बदली खेळाडूंची ओळ आहे. एक आडनाव दिसतं, आणि पुढचं बांधणीत गेलंय. फिल्म करताना वर्षाचा बांधलेला गठ्ठा न सोडता तसाच कॅमेऱ्याखाली ठेवला, त्यामुळे आतल्या बाजूचा रकाना वळून काळा पडला. गठ्ठा उसवून पानं सपाट करायला त्या माणसाला फार तर एक दुपार लागली असती. नंतर जागा अडते म्हणून मूळ कागद रद्दीत. ही गोष्ट अनेक ग्रंथालयांत घडली आणि ती मला आजही माफ करवत नाही.

याच पानांवर फ्रिट्झ पोलार्ड आहे, जवळजवळ प्रत्येक सोमवारी. लीगमधल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी तो एक आणि ॲक्रनचा सगळ्यात वेगवान गडी. चेंडू घेऊन त्याचं धावणं पानावर आहे. पण तो कपडे बदलायला संघाच्या मालकाच्या, फ्रँक नीडच्या सिगारच्या दुकानात जायचा आणि सामना सुरू व्हायच्या वेळी मोटारीने मैदानात यायचा, कारण गर्दीचा भरवसा नव्हता, हे त्याने म्हातारपणी मुलाखतीत सांगितलं तेव्हा लोकांना कळलं. थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००५ साली घेतलं. तोवर तो जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

आणि खुद्द विजेतेपद! १२ डिसेंबरला शिकागोत डेकाटर स्टेलीज संघाशी ०-० अशी बरोबरी झाली. त्या एका सामन्यासाठी डेकाटरने कार्डिनल्स या दुसऱ्या संघाचा खेळाडू पॅडी ड्रिस्कॉल उसना आणला होता, तरी ॲक्रन हरलं नाही. डेकाटर आणि बफेलो या दोन्ही संघांनी विजेतेपदावर हक्क सांगितला. ३० एप्रिल १९२१ रोजी ॲक्रनमध्येच बैठक भरली, मत घेतलं आणि चषक ॲक्रनला दिला. पुढे लीग हे मतदान साफ विसरली. तिच्या अधिकृत नोंदवहीत १९२०चं विजेतेपद कित्येक दशकं "अनिर्णित" छापलं जात होतं. दुरुस्ती १९७०च्या दशकात झाली. चषक कुठे आहे, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

आमच्या विभागप्रमुख बाईंचं म्हणणं, ठरलेलं उत्तर पाठवा: "उपलब्ध साधनांत नोंद आढळली नाही." त्या प्रामाणिक आहेत, पण त्यांना फाईल बंद व्हायला हवी असते. मला ते वाक्य अपुरं वाटतं. ऐकणारा त्याचा अर्थ "खेळला नाही" असाच घेतो. आणि ज्या लीगला आपला पहिला विजेता पन्नासएक वर्षं आठवला नाही, तिच्या कागदांत एका बदली गड्याचं नाव नसणं याचा अर्थ इतका सरळ लावता येत नाही. दुसरीकडे, गृहस्थांना हवं ते लिहून देणंही मला शक्य नाही. इंटरनेटवरच्या वंशावळींत असे किती तरी आजोबा एकमेकांचं पाहून चॅम्पियन झालेले मी रोज बघते. खेळाडूंना १९२०च्या विजेतेपदाबद्दल फुटबॉलच्या घाटाचं, नाव कोरलेलं सोन्याचं पदक मिळालं होतं. ते घरात कधी होतं का, असं मी त्यांना विचारलं. "नव्हतं," ते लगेच म्हणाले. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं.

म्हणून पत्रात मी कुठली पानं वाचली, कुठली वाचता येत नाहीत आणि का, हे तारखेनिशी लिहिलंय. बाईंनी न वाचता येणाऱ्या पानांविषयीचा दुसरा परिच्छेद काढायला सांगितला. मी काढला नाही, पत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे. दरम्यान डेटनच्या वर्तमानपत्राची त्या सोमवारची फिल्म दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवली आहे. बातमीदाराने पाहुण्यांची नावं चुकवलेली असणार, पण बदली खेळाडूंची ओळ तिथे बांधणीपासून लांब असली तर दुसरं आडनाव वाचता येईल.