पेटीच्या खोलीची किल्ली
(माजी विद्यार्थी, दहावी 'अ', १९८६)

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठव, असा वर्गमित्राचा निरोप आला तेव्हा मी नॉर्वेत, बर्गनच्या बंदरात होतो. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी जहाज आठवडाभर धक्क्याला लागलं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. आपल्यासारखा कोसळत नाही, रिपरिप चालू राहते. पण खाडीसारखं आत शिरलेलं समुद्राचं पाणी, मागे हिरवे डोंगर, धक्क्यावर मासळीचा वास. आषाढातली आपली शाळा आठवायला मला तेवढं पुरे झालं.

ड्युटी नव्हती त्या दिवशी मी एडवर्ड ग्रीगचं घर बघायला गेलो. ग्रीग हा नॉर्वेचा सर्वांत नावाजलेला संगीतकार, जन्म बर्गनमधलाच, १८४३ चा. त्याची पहाटेवरची रचना तुम्ही नाव माहीत नसताना कुठे ना कुठे ऐकली असेल. बासरीवर सुरू होते. जहाजावर एका सहकाऱ्याने ती पहिल्यांदा लावली तेव्हा मी हातातलं काम टाकून ऐकत राहिलो. प ग रे सा रे ग, प ग रे सा रे ग. अहो, हा तर भूप! आठवीत गायनाच्या बाईंनी आमच्याकडून पेटीवर बसवून घेतलेला पहिला राग. आपला भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, ग्रीगची ही पहाट. तीही नॉर्वेतली नव्हे, इब्सेनच्या 'पेअर ग्युंट' नाटकाचा नायक मोरोक्कोत असतो, तिथली. पण त्या पहिल्या ओळीतले सूर बाईंच्या पेटीतलेच होते. तेव्हापासून ग्रीग मला परका वाटलेला नाही.

ट्रामने होप या थांब्यावर उतरून तिथून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की घर येतं. ट्रोल्डहाउगेन त्याचं नाव. १८८५ मध्ये बांधलेलं, लाकडी. पुढची बावीस वर्षं ग्रीग आणि त्याची बायको नीना उन्हाळ्यात इथे राहत. आत बैठकीच्या खोलीत बिनरंगाच्या लाकडी भिंती, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १८९२ मध्ये भेट आलेला स्टाइनवे कंपनीचा मोठा पियानो, फोटो, मानपत्रं. सगळं नीट जपलेलं आहे. पण माझं लक्ष होतं ते खाली, उतारावर.

घराच्या मागून पायवाट तळ्याकडे उतरते. तिथे पाण्याच्या अगदी काठाशी एका खणाची लाल लाकडी खोली आहे. आपल्याकडचा बागेतला मांगर असतो ना, तेवढीच. ही ग्रीगने १८९१ मध्ये बांधून घेतली. आत जाता येत नाही, काचेतून बघायचं. खिडकीशी मेज, त्यावर तळ्याचा उजेड. भिंतीला टेकलेला उभा पियानो, एक कोच, शेगडी. एवढंच. ग्रीग उंचीने जेमतेम पाच फूट. पियानोशी हात नीट यावेत म्हणून तो बेथोव्हेनच्या सोनाटांचा जाडजूड ग्रंथ बुडाखाली घेऊन बसत असे.

एवढं मोठं घर असताना ही खोली कशाला? कोणी ऐकतंय अशी नुसती शंका आली तरी त्याला काही सुचत नसे. याआधी हार्डांगर फ्योर्ड या खाडीच्या काठी लोफ्थुस गावातही त्याने अशीच खोली उभारली होती. पण गावकरी बाहेर बसून ऐकू लागले आणि ती तिथून हलवावी लागली. चूक करायला, तीच जागा दहा वेळा घोळवायला त्याला कोणाचा कान नको होता.

त्या काचेला नाक लावून मी बराच वेळ उभा होतो, आणि डोळ्यांपुढे होती ती आपल्या शाळेची क्रीडासाहित्याची खोली.

माझ्या पिढीतल्यांना आठवेल. जिन्याखालची. लेझमांची पोती, फुटके फुटबॉल, गणपतीची मखरं आणि कोपऱ्यात मेणकापडाखाली पेटी. मी आठवीत असताना प्रार्थनेनंतर गायनाच्या बाईंनी मला थांबवलं आणि लाल लोकरीचा गोंडा बांधलेली किल्ली हातात ठेवली. म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत येत जा. दार लावून घे. इथे तुझं कोणी ऐकणार नाही, खुशाल चुकत वाजव." घरी आम्ही सहा जण दोन खोल्यांत. एकट्याने बसायची जागा मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी मिळाली.

त्या पेटीचा मध्य सप्तकातला कोमल निषाद दाबला की वर येत नसे, नखाने उचलावा लागे. भूपात निषाद लागतच नाही, हे मला नंतर कळलं. बाईंनी पहिला राग भूपच का निवडला, याचं एक कारण ती पट्टी असणार, अशी माझी खात्री आहे. पावसाळ्यात भात्याला बुरशी यायची. ऊन पडलं की बाई स्वतः पेटी उचलून व्हरांड्यात आणत, पदराने पुसत, मला हात लावू देत नसत.

ग्रीगला शाळेत अशी माणसं भेटली नाहीत. ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पावसाच्या दिवशी तो मुद्दाम घराच्या पन्हळीखाली उभा राही, चिंब होई, म्हणजे मास्तर कपडे बदलायला घरी पाठवत. घर लांब, त्यामुळे बराच वेळ शाळा चुकायची. एकदा पाऊस नुसता भुरभुरत असताना हा निथळत आला आणि पकडला गेला. (आपल्यात पागोळ्यांखाली उभं राहणारे कोण कोण होते, ते मी इथे लिहीत नाही.) बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने एका जर्मन सुरावटीवर पियानोसाठी काही लिहिलं, वर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव आणि 'कृती पहिली' असं घातलं आणि वही शाळेत नेली. जर्मनच्या मास्तरांनी ती पाहिली, शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनाही बोलावून दाखवली. ते गेल्यावर याचे केस धरून हिसडले आणि बजावलं, पुढच्या वेळी जर्मन शब्दकोश आण, हे असलं घरी ठेव.

हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. त्या खोलीपुढे उभा असताना मात्र बाईच आठवत राहिल्या. मीही नववीत एका पाठ्यपुस्तकातल्या कवितेला चाल लावून स्वरलिपी त्यांना दाखवली होती. त्यांनी लाल शाईने दोन ठिकाणचे स्वर बदलले, खाली तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ती चाल सगळ्या शाळेकडून म्हणवून घेतली.

ट्रोल्डहाउगेन सोडून जाताना ग्रीग त्या खोलीत एक चिठ्ठी ठेवून जाई. कोणी कुलूप तोडून आत शिरलंच, तर कृपा करून ही स्वरलेखनं तशीच राहू द्यावीत, एडवर्ड ग्रीगशिवाय कोणालाही त्यांचं मोल नाही, अशा अर्थाची.

महोत्सवानिमित्त जिन्याखालची खोली मोकळी करून तिथे संगणक ठेवणार, असं कळलं. चांगलंच होईल. फक्त एक विनंती आहे. लेझमांच्या मागे लाकडी फळीवर माझी शंभर पानी निळी वही राहिली आहे. दहावीचा निकाल लागला आणि मी किल्ली परत केली, वही घ्यायची राहूनच गेली. वाळवीने सोडली असेल तर ती रद्दीत घालू नका. शेवटच्या चार पानांवर बाईंचं अक्षर आहे.