काच मागून आधी फुटते

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतली एमएस्सी करणारी पोरं इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, लेझर लॅबमध्ये इंटर्नशिपबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे. रॉचेस्टरच्या ओमेगा लेझरचे 60 झोत, लिव्हरमोरच्या एनआयएफ (नॅशनल इग्निशन फॅसिलिटी) या लेझरचे 192. दोन्हीकडे शेवटी 351 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरतात, आणि अवरक्तापेक्षा अतिनीलात काच लवकर दगावते. कोणती काच किती सोसेल, हे मोजायचं काम असतं.

निम्मं काम स्वच्छतेचं. लेन्स-टिश्यूवर मिथेनॉलचे दोन-तीन थेंब टाकून तो काचेवरून एकदाच अलगद ओढायचा आणि फेकायचा. घासायचं नाही. नायट्राइलचे हातमोजे असतील तर अॅसिटोन नको. हातमोजा विरघळून त्याचा डाग काचेवर बसतो आणि पहिल्याच शॉटला (लेझरच्या एका पल्सला) तिथं जळतं.

मग मोजणी. झोताची त्रिज्या 0.25 मिलिमीटर, पल्स 10 मिलिज्यूल, तर मध्यभागी दर चौरस सेंटीमीटरला साधारण 10 ज्यूल पडतात. त्रिज्येत 10 टक्के चूक म्हणजे उत्तरात 20 टक्के. प्रत्येक ऊर्जेला किमान 10 कोऱ्या जागा, प्रत्येकीवर एकच शॉट. आधीचा फोटो काढलाच पाहिजे, नाहीतर जुना धुळीचा कण नुकसान म्हणून मोजला जातो. आणि 10 पैकी एकही जागा फुटली नाही म्हणून काच पक्की समजू नका. फुटण्याची खरी शक्यता तेव्हाही 25 टक्क्यांपर्यंत असू शकते.

बहुतेकदा दोष पॉलिशचा. पृष्ठभागाखाली बारीक भेगा राहतात, त्यांत पॉलिशची पूड, सिरियम ऑक्साइड, अडकते, ती प्रकाश शोषून तापते. किरण बाहेर पडतो त्या बाजूला परावर्तित लाट मिळून तीव्रता समोरच्यापेक्षा 1.44 पट होते, म्हणून खड्डा बहुधा मागे पडतो. त्या खड्ड्याचं पुढचं धुऱ्यावरच्या घळीसारखं: उंदराचं बीळ एवढंसं, पण दर पावसात रुंदावतं. इथं दर शॉटला. सुरुवात कधी होते आणि वाढ किती वेगानं होते, ही दोन वेगळी मोजमापं आहेत. नवखे ती एकत्र करतात. उपाय म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्लानं भेगा खोदून उघड्या करणं, किंवा कार्बन डायऑक्साइड लेझरनं खड्डा वितळवून गुळगुळीत करणं.

लेझरचा सुरक्षा चष्मा त्यावरची तरंगलांबी वाचूनच घाला. 1064 नॅनोमीटरचा अवरक्त झोत दिसत नाही, पण डोळ्याचा पडदा जाळतो.

तयारी गावाजवळच्या कॉलेजातही होते. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपच्या सरकत्या भागावर दाढीचं ब्लेड चिकटवा, मागे सोलर सेल आणि मल्टिमीटर, करंटच्या रेंजवर. अंधार करा आणि हीलियम-निऑन लेझरच्या झोतात ब्लेड 0.05 मिलिमीटरनं सरकवत आकडे लिहा. प्रकाश 84 टक्के आणि 16 टक्के उरतो त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच वर वापरलेली त्रिज्या.