हॉटेल तयार, फॉर्म ए कुठाय?

सांगलीत मोठं हॉटेल उभं राहायला लागलं की दर्शनी काचा बसायच्या आतच लोक विचारायला लागतात, "कधी उघडतंय?" लग्नाची तारीख धरून हॉल बघायला येणारे येतात, मिरजेचे डॉक्टर कॉन्फरन्ससाठी विचारतात, तासगावकडचे द्राक्षवाले परदेशी खरेदीदारांसाठी खोल्या मागतात. मालकांनी पाडव्याचा मुहूर्त काढून ठेवलेला असतो. लॉबीत इटालियन मार्बल चकाकत असतो, झुंबर लागलेलं असतं, आणि हॉटेल बंद असतं. आमचंही तसंच झालं. कारण होतं एक कागद, फॉर्म ए. त्याची चिडचिड अजून गेलेली नाही, म्हणून ज्यांचं हॉटेल पुढच्या हंगामात उघडायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमनाचं काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं, आणि काम नियमाप्रमाणे झालं, यंत्रणा चालू आहे, असं त्या एजन्सीने लिहून द्यायचं असतं. तोच फॉर्म ए. नकाशे मंजूर होताना मिळते ती तात्पुरती फायर एनओसी. बांधकाम संपल्यावर फॉर्म ए जोडून अंतिम एनओसी, तिच्यावर भोगवटा प्रमाणपत्र, आणि भोगवट्यावर पुढचे बरेचसे परवाने. पहिलाच कागद अडला की मागची सगळी रांग अडते.

फूड लायसन्स, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, लिफ्टचा परवाना, उच्च दाबाच्या विजेचं (एचटी) कनेक्शन हे सगळं वेळ खातं, पण कागद पूर्ण असले की सरकतं. त्यावर जास्त लिहीत नाही. फूड लायसन्सचं एकच: दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक फॉस्टॅक (अन्नसुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण) प्रशिक्षित सुपरवायझर लागतो, आणि पाण्याचा तपासणी अहवाल ताजा लागतो. नवीन आचारी भरती करतानाच वैद्यकीय दाखले घ्या, नंतर एकेकाला शोधत बसावं लागतं.

आता अडलं कुठे ते. हायड्रंट (आग विझवायला होज जोडायचे नळ), स्प्रिंकलर (उष्णता लागली की छतातून पाणी फवारणारे) आणि पंप एका एजन्सीकडे. फायर अलार्म दुसरीकडे, कारण तो सीसीटीव्ही आणि अॅक्सेस कंट्रोलच्या पॅकेजमध्ये गेलेला. किचन हूडची वेट केमिकल (तेलाची आग विझवणारी) यंत्रणा किचनवाल्याकडे. लिफ्ट कंपनी वेगळी, एसीचा ठेकेदार वेगळा. प्रत्येकाचं काम त्याच्यापुरतं पूर्ण. पण आग लागली की या सगळ्यांनी एकदम वागायचं असतं: अलार्म वाजला की एसीचे पंखे बंद, डक्टमधले फायर डँपर (आग-धूर अडवणाऱ्या झडपा) बंद, जिन्यात हवा भरणारा प्रेशरायझेशनचा पंखा चालू, कॉरिडॉरच्या दारांची मॅग्नेटिक कुलुपं सुटलेली, आणि लिफ्ट थेट तळमजल्यावर येऊन दार उघडून उभी. याचा तक्ता असतो, त्याला कॉज अँड इफेक्ट मॅट्रिक्स म्हणतात.

तक्ता कागदावर होता. लिफ्टच्या पॅनलपर्यंत जाणाऱ्या दोन तारा मात्र कुणाच्याच बीओक्यूत (कामं आणि दरांच्या यादीत) नव्हत्या. अलार्मवाला म्हणे, आमच्या मॉड्यूलवर पोटेन्शियल फ्री कॉन्टॅक्ट (नुसता स्विचसारखा सिग्नल) दिलाय, तिथून पुढे लिफ्टवाल्याचं. लिफ्टवाला म्हणे, आमच्या पॅनलमध्ये टर्मिनल दिलंय, तिथपर्यंत आणून देणं साइटचं. इलेक्ट्रिकल ठेकेदार म्हणे, ती आगीतही टिकणारी फायर सर्व्हायव्हल केबल आहे, माझ्या दरात नाही. मशीनरूमच्या भिंतीवर एक जंक्शन बॉक्स, आत टर्मिनलला काहीच जोडलेलं नाही, आणि झाकणावर कुणीतरी मार्करने 'फायर' लिहून ठेवलेलं. तेवढ्यासाठी अलार्मवाला फॉर्म ए देईना. आणि पाइपवाली एजन्सी म्हणे, अलार्मचा आला की आमचाही देतो, दोन्ही एकदम लावू. शेवटचं बिल मात्र त्याच्या आधी हवं होतं!

यावर उपाय टेंडर काढतानाच करायचा. बीओक्यूत एक स्वतंत्र ओळ घाला: अलार्म पॅनलपासून लिफ्ट, एएचयू (एसीची हवा फिरवणारी यंत्रं), डँपर, प्रेशरायझेशन फॅन आणि अॅक्सेस कंट्रोलपर्यंत केबल टाकणे, जोडणे आणि एकत्रित चाचणी करून देणे. ती एकाच्याच गळ्यात घाला, शक्यतो अलार्मवाल्याच्या. आणि शेवटचे दहा टक्के पैसे काम संपल्यावर नाही, सही-शिक्क्याचा फॉर्म ए हातात आल्यावर, असं वर्क ऑर्डरमध्येच लिहा. एजन्सीचा परवाना फॉर्म देण्याच्या तारखेला चालू आहे ना, हेही बघा. अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर एजन्सींची यादी असते. काम देताना चालू असलेला परवाना काम संपेपर्यंत संपलेला असू शकतो, आणि तसा फॉर्म परत येतो.

तारा जुळल्यावर पंपांचा खेळ. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर ३.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळायला हवा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो जातो, वर पाइपातलं घर्षण. म्हणून पंप निवडताना गच्चीचा हिशेब धरा. पंपघरातल्या गेजवर सात किलो दिसतोय म्हणून खूश होऊ नका, गेज घेऊन वर जा. आमच्याकडे जॉकी पंप सारखा चालू-बंद व्हायचा. जॉकीचं काम छोटी गळती भरून काढणं. तो काही मिनिटांनी परत परत उठत असेल तर कुठेतरी ड्रेन व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय, नाहीतर प्रेशर स्विचची चालू आणि बंदची सेटिंग फार जवळ आहेत. सेटिंग अशी उतरंडीने लावा: जॉकी ६.५ ला उठतो, ७ ला थांबतो. विजेवरचा मेन पंप ५.५ ला; तो उठला नाही तर डिझेल इंजिनावरचा पंप ४.५ ला. आकडे इमारतीप्रमाणे बदलतील, क्रम नाही. मेन आणि डिझेल पंप आपोआप सुरू झाले पाहिजेत, बंद मात्र माणसानेच हाताने करायचे. राइझरच्या (वर जाणाऱ्या उभ्या पाइपच्या) टोकाला एअर रिलीज व्हॉल्व्ह नसेल तर हवा अडकते आणि गेज नाचतो.

एक गोष्ट पाहणीच्या दिवशी हमखास गोंधळ घालते. कुणीतरी म्हणतं, लाइट घालवून डिझेल पंप दाखवा. लाइट घालवली की हॉटेलचा डीजी (डिझेल जनरेटर) उठतो, मेन पंपाला डीजीवरून वीज मिळते, दाब पडतच नाही आणि डिझेल पंप गप्प बसतो. सगळे इंजिनाकडे बघत उभे! त्यात बिघाड काही नाही. डिझेल पंप वीज गेली म्हणून नाही, दाब पडला म्हणून उठतो. मेन पंपाचा ब्रेकर पाडा, टेस्ट व्हॉल्व्ह उघडा, मग तो उठेल. हे आधी रंगीत तालीम करून घ्या, बॅटरी चार्जरसकट.

पाहणीला आलेले अधिकारी नेमके प्रश्न विचारणारे होते, तिथे तक्रार नाही. ते छताकडे बघत चालतात. म्हणून आधी आपण बघा. पीओपीचं काम चालू असताना स्मोक डिटेक्टरवर लावलेली धूळटोपी तशीच राहते, डिटेक्टर आंधळा. रंगाऱ्याने स्प्रिंकलरच्या बल्बवर रोलर फिरवलेला असतो. तो पुसून चालत नाही, स्प्रिंकलर बदलावाच लागतो. खोल्यांत ६८ अंशांचा लाल बल्ब, पण किचनच्या उष्णतेत ९३ अंशांचा हिरवा. बँक्वेटमध्ये सजावटीच्या छताच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिथेही डिटेक्टर लागतो, आणि इंटिरियरवाला हे कधीच सांगत नाही. फायर डोअरला हाऊसकीपिंगने लाकडाची पाचर मारून ठेवलेली असते. तेवढ्यावरून शेरा बसतो, आणि तो बरोबरच आहे.

किचनच्या गॅसबँकेचा हिशेब आधीच करा. १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५, सहावा आणला की परवाना. रिकामे आणि भरलेले वेगळे ठेवा. डीजीच्या डिझेल टाकीचं असंच: एकाच टाकीत १००० लिटरच्या आत आणि सगळं मिळून २५०० लिटरच्या आत. म्हणून बाजारात ९९० लिटरच्या टाक्या दिसतात.

सांगलीसाठी आणखी एक. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा कृष्णेच्या पुराने दाखवून दिलंय. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. अग्निशमनाची टाकी जमिनीखाली आणि पंप तिला लागून असणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पाणी आपोआप पंपात येतं. पण पंपाचं पॅनल, डिझेलच्या बॅटऱ्या आणि मोटारीचं टर्मिनल तळघराच्या फरशीवर ठेवू नका, उंच चौथऱ्यावर घ्या. तळघरात साचलेलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाला डीजीची लाइन द्या, आणि पंपघरात थेट तळमजल्यावरून उतरता येईल असा जिना ठेवा. प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे मात्र जमीन घेतानाच बघायचं.

स्टारचं राहिलं. पंचतारांकित ही पाटी उद्घाटनाला लावता येत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं वर्गीकरण हॉटेल चालू झाल्यावर होतं आणि पाच वर्षांसाठी असतं. तोपर्यंत ब्रोशरमध्ये 'लक्झरी' लिहा, तारे काढू नका.

एनओसीची वाट बघताना मिळालेला वेळ वाया घालवू नका. एका मजल्यावरचे सगळे शॉवर सकाळी सातला एकदम उघडा, गरम पाणी शेवटच्या खोलीत किती वेळाने येतं ते घड्याळ लावून बघा. न वापरलेल्या बाथरूममधले ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारे पाइप) कोरडे पडून वास येतो; आठवड्यातून दोनदा प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. टॉवेल, चादरी किमान तीन सेट, आणि टॉवेल पाहुण्याला द्यायच्या आधी दोन-तीनदा धुवून घ्या, कोरा टॉवेल पाणी टिपत नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर सॉफ्टनर चालू केल्याशिवाय शॉवरच्या काचा धुऊच नका.

एनओसी आली की विषय संपत नाही. यंत्रणा अजून चालू स्थितीत आहे असं सांगणारा फॉर्म बी दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो, तोही परवानाधारक एजन्सीकडूनच. फॉर्म ए साठी ज्यांनी तंगवलं त्यांनाच देखभालीचं कंत्राट द्यायचं की नाही, ते बिल अडकलेलं असतानाच ठरवा.