नवी गाडी, वाकडा वॉल्व्ह

नवी कोरी गाडी गॅरेजला आली की मी आधी पाना बाजूला ठेवतो. एक तर वॉरंटीचा घोळ. आपण एखादा बोल्ट फिरवायचा आणि पुढं इंजिनात काही निघालं की शोरूमवाला 'बाहेर उघडली होती' म्हणून मोकळा. दुसरं म्हणजे मालक. जुन्या गाडीचा मालक दमलेला असतो, तो ऐकून घेतो. नव्या गाडीचा मालक चिडलेला असतो.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेल्यावर असेच एक आप्पा तापून आले. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी, बोरीच्या पात्रात पाळणे लागलेले आणि पारा ४३-४४ वर. मुहूर्तावर घेतलेली दीडशे सीसीची गाडी, हँडलचा झेंडूचा हार वाळून काळा पडला तरी तसाच. सोबत वीस-बावीसचा मुलगा, मोबाइलात डोकं घालून.

"मिस्तरी, नवी गाडी शे, तरी हँडल थरथर करस. क्लच बी कडक शे. शोरूमवाला म्हने, चालीसन बसी जाई."

हे 'बसी जाई', म्हणजे चालवून चालवून आपोआप ठीक होईल, मला फार ऐकायला मिळतं. काही गोष्टी बसतात, खोटं नाही. ब्रेकचे पॅड बसतात, क्लच प्लेटा बसतात, नव्या टायरचा गुळगुळीतपणा जातो. थरथर कशी बसेल? ती वाढते तरी, नाहीतर तेवढीच राहते. आप्पांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की यार्डात पडून राहिलेली गाडी आपल्या गळ्यात मारली.

दोन्ही तक्रारी ते एका दमात सांगत होते, म्हणून ऐकणाऱ्याला रोग एकच वाटावा. मी गाडी पारोळा रोडला काढली. चाळीसपर्यंत काही नाही. पंचावन्नला हँडल हलायला लागलं, साठला चांगलंच. तोच स्पीड धरून पाचव्यातून चौथ्या गिअरला आलो. इंजिनाचा आवाज चढला, थरथर होती तेवढीच. मग क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली, तरी हँडल हलतंच. स्पीड उतरल्यावर आपोआप थांबलं. म्हणजे इंजिन आणि क्लच दोघंही सुटले. साठच्या स्पीडला एवढं चाक सेकंदाला साधारण ९ फेरे मारतं, इंजिन त्याच वेळी ७०-८०. त्यामुळे इंजिनाच्या थरथरीनं हाताला मुंग्या येतात आणि चाकाच्या थरथरीनं हात हलतो. त्यातही सीट हललं तर मागचं चाक बघायचं, हँडल हललं तर पुढचं.

गॅरेजला येऊन गाडी मेन स्टँडला लावली, मुलाला मागं वजन द्यायला सांगितलं आणि पुढचं चाक उचललं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, ठीक, एक्सलचा नट टाईट. शॉकअपला खडू टेकवून चाक फिरवलं. मॅगव्हीलच्या, म्हणजे बिनतारांच्या ओतीव चाकाच्या, कडेला खडू धरला तर रेघ सगळीकडे सारखी. टायरला धरला तर फक्त एका भागात घासतो. व्हील सरळ, टायर आऊट.

टायरच्या बाजूवर, रिमच्या काठाजवळ, एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. टायर नीट बसला असेल तर रेघ आणि रिम यांतलं अंतर सगळीकडे सारखं दिसतं. इथं वीतभर जागेत ती रेघ रिमच्या आत गडप. आणि तिच्या जवळच वॉल्व्ह होता. ट्यूबलेस गाडीला जाड रबराचा वॉल्व्ह असतो, रिमच्या भोकात गच्च बसलेला. हा मात्र बारीक, पितळी, आट्यांचा, वर नट लावलेला, आणि त्या मोठ्या भोकात सैल पडून एका अंगाला कललेला. म्हणजे आत ट्यूब! कंपनीतून ट्यूबलेस गाडी अशी निघत नाही. कोणीतरी टायर खोलला होता.

मी मान वर केली. मुलानं मोबाइल खिशात घातला होता.

"आप्पा, ऊन फार आहे, समोर रस घ्या. मला वेळ लागेल," म्हटलं.

आप्पा गेले तसं पोरगं बोलायला लागलं. आखाजीला आलेल्या बहिणीला बेटावदकडे सासरी पोहोचवायला गेला होता. वेळ वाचवायला बांधाच्या वाटेनं गाडी घातली आणि बाभळीच्या काट्यांवरून पुढचं चाक बसलं. गावातल्या पंक्चरवाल्याकडे ट्यूबलेसचं सामान नाही, भोकं तीन. त्यानं सरळ ट्यूब घालून दिली. मी त्या पंक्चरवाल्याला दोष देणार नाही, त्याला वाटेत अडकलेली माणसं पुढं पाठवायची होती. पण ट्यूबलेस रिमला आतून काठाजवळ एक उंचवटा असतो. टायरची कडा त्यावरून उडी मारून पलीकडे बसावी लागते, आणि त्याला कॉम्प्रेसरची जोरदार हवा लागते. तिथं ती मिळाली नसणार.

"आप्पांना सांगू नका," मुलगा म्हणाला. सांगणार नाही, असं मी म्हटलं नाही.

टायर उतरवला. आतून फडकं फिरवलं तर एका काट्याचं टोक अजून तसंच, फडक्यात अडकलं. नुसती ट्यूब बदलत बसलो असतो तर त्या टोकानं पुढचीही खाल्ली असती. आतून पॅच मारले, नवा ट्यूबलेस वॉल्व्ह घातला, टायरवरचा पिवळा ठिपका वॉल्व्हसमोर आणला, कारण तो टायरच्या हलक्या बाजूची खूण असतो. दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावून हवा सोडली. ठक्, आणि थोड्या वेळानं दुसरा ठक्. रेघ सगळीकडे वर आली. मग हवा उतरवून पंचवीसवर आणली.

राहिला क्लच. हँडल सरळ असताना लिव्हरच्या टोकाला बोटभर ढिलाई होती, पाहिजे तेवढी. उजवीकडे वळवलं की ढिलाई गायब, लिव्हर कडक. केबलचा माग काढत गेलो. रात्रीच्या लाइटला शेतात पाणी भरायला जावं लागतं, म्हणून लेगगार्डवर दोन फॉग लाइट बसवलेले. ते आप्पांनीच हौसेनं बसवून घेतलेले. त्या लाइटची वायर आणि क्लच केबल एकत्र करून फ्रेमला प्लास्टिकच्या पट्टीनं आवळलेली. हँडल वळलं की केबलला सरकायला जागा नाही, ती कोपऱ्यात मुडपायची. तसंच चालवत राहिलं असतं तर अर्धवट दाबल्या क्लचनं प्लेटा जळाल्या असत्या. पट्टी कापली, वायर वेगळी बांधली, केबल तिच्या कडीतून मोकळी सोडली. इंजिनाला हातही लावावा लागला नाही. तेल कंपनीचंच आहे ना, ते मात्र विचारून घेतलं. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या, कारच्या डब्यातलं उरलेलं तेल बाइकला ओततात. बाइकचा क्लच तेलातच बुडालेला असतो, त्याला डब्यावर जासो एमए, म्हणजे अशा क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण, लिहिलेलंच तेल लागतं.

आप्पा रस पिऊन आले. ट्यूब जमिनीवर पडलेली.

"हाई ट्यूब कोठली शे?"

मी म्हटलं, "गाडीतून निघाली. शोरूमचा यात काही दोष नाही."

आप्पांनी ट्यूब उचलली, बघितली, पोराकडे वळले. "पंक्चरना पैसा कोनी दिना?"

"ताईनी."

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ट्यूब डिकीत टाकून ट्रायलला गेले आणि सत्तरपर्यंत गाडी पळवून आले. हँडल गप्प. पण क्लच अजून कडक आहे म्हणाले. मी पुन्हा तपासला, सगळं नीट होतं. बारा-तेरा वर्षं त्यांच्या हाताखाली जुनी शंभर सीसीची गाडी, तिचा क्लच तसाच हलका. नवीन गाडीच्या क्लचच्या स्प्रिंगा जोरदार, हाताला फरक जाणवणारच. त्यांना काही पटलं नाही. शेजारी एका शिक्षकांची त्याच मॉडेलची, वर्षभर वापरलेली गाडी उभी होती. तिचं लिव्हर त्यांना दाबायला दिलं.

आप्पांनी दोनदा दाबून पाहिलं.

"ती बी कडकच शे," म्हणाले आणि बिलाचे पैसे मोजायला लागले.