सरपंच महिन्यातून एकदाच जेवते

माझा आतेभाऊ ह्यूस्टनला राहतो आणि त्याच्याकडं आठेक फुटी बोआ आहे, अजगरासारखा परदेशी साप. नाव सरपंच, कारण खाऊन झालं की जागचं हलायचं नाही. नंतर कळलं की मादी आहे (बोआमधी बहुतेक माद्याच एवढ्या वाढतात), तर आता ती महिला राखीव सरपंच. लातुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अन् खायला काय घालतो रे तिला?" आणि दुसरा, "परवडतं का?"

मी शेळ्यावाला माणूस, चाऱ्याचा हिशोब डोक्यात चालूच असतो, म्हणून मी त्याला व्हिडिओ कॉलवर सगळं खोदून खोदून विचारलं. वाढलेल्या बोआला तिच्या वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के भरेल असं एक जनावर, तेही तीन-चार आठवड्यांतून एकदा. सरपंच दहा किलोची, म्हणजे महिन्याला पाऊण-एक किलोचा एक ससा. वर्षाचे धरा दहा-बारा किलो. माझी एक शेळी तीन-चार दिवसांत एवढा हिरवा चारा उडवते! मटण आणि चारा एक नाही हे मलाबी कळतं, पण तरी. सापाला अंग गरम ठेवायला खाणं जाळावं लागत नाही, ऊब बाहेरून घेतो, म्हणून त्याचं एवढ्या थोडक्यात भागतं.

मग लोकांचा खर्च कशात जातो? एक तर पेट शॉपमधून एक-एक उंदीर आणण्यात. सरपंचाचं पोट भरायला मोठे उंदीर दोन-तीन लागतात, त्यापेक्षा एक ससा स्वस्त पडतो, आणि तिकडं मटणासाठी ससे पाळणारे शेतकरी असतात, त्यांच्याकडून थेट घेतला तर आणखी स्वस्त. नाहीतर मारून गोठवलेला माल ऑनलाइन मिळतो, बर्फाच्या खोक्यात येतो, पण त्याचं शिपिंगच जबर असतं, म्हणून भाऊ आणि त्याच्यासारखे दोन-तीन सापवाले भिशीसारखं एकत्र येऊन एकच मोठी ऑर्डर टाकतात आणि वाटून घेतात. त्यासाठी त्यानं जुना छोटा डीप फ्रीझर घेतला. आधी ससे घरच्याच फ्रीझरमधी होते, आत्या गेली तिकडं आणि मटाराच्या पिशवीखाली हात घातला... पुढचं सांगत नाही. फ्रीझर दुसऱ्याच दिवशी आला.

खाऊ घालायची पद्धत मी बघितली. ससा आदल्या रात्री फ्रीजमधी खाली काढून ठेवायचा, सकाळी पिशवीसकट कोमट पाण्याच्या बादलीत, मग पोटावर दाबून बघायचं की आत कुठं गोळा गार राहिला का. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, बाहेरून शिजतो आन् आतून बर्फच. मग लांब चिमट्यानं धरून पुढं करायचा. सरपंच आधी नुसती जीभ लपलप करत होती, मला वाटलं आज उपास आहे, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सशाला वेढे. मेलेल्या सशाला! भाऊ म्हणाला त्यांना ते सांगून पटत नाही. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही.

आता काटकसरीच्या नावाखाली लोक जे करतात ते. शेतातले, गटारीतले उंदीर पकडून घालणं, नको, कुणी कुठं औषध ठेवलंय काय माहीत, जंत वेगळेच. चिकनच्या दुकानातले लेगपीस, नको, सापाला हाडं, काळीज, आतडी असं अख्खं जनावर लागतं, नुसत्या मांसावर कॅल्शियम मिळत नाही. जिवंत उंदीर, त्यात तर काही वाचतबी नाही, वर घाबरलेला उंदीर सापालाच कुरतडतो आणि मग डॉक्टर. घरी उंदीर पाळायचे तर एका सापासाठी खाद्य, भुसा आणि तो वास, हिशोब बसतच नाही. सशांचं तरी जमतं, एकतीस दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, पण मग सगळीच सापाला लागत नाहीत, उरलेली कोण खाणार? आत्या तर नक्कीच नाही.

सगळ्यात महाग पडतं ते जास्त खाऊ घालणं. साप मागतोय म्हणून दर आठवड्याला देणारे आहेत, साप लठ्ठ होतो, काळजावर चरबी चढते. आणि उबेची सोय नीट पाहिजे, ती कमी पडली की पोटातलं पचत नाही, ओकून टाकतो, ससा वाया गेला तो गेला आणि पुढं दोन आठवडे तरी पोटाला आराम द्यावा लागतो. आपल्याकडच्या लोडशेडिंगमधी काय झालं असतं हे मी विचारायचंच सोडून दिलं.

हे लिहिलं की पोरांचे मेसेज येणार, दादा अजगराचं पिल्लू कुठं मिळंल. कुठंच नाही. अजगर, नाग, धामण, आपला कुठलाबी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि बोआसारखा परदेशी साप असला तरी २०२४ च्या नियमांप्रमाणं त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. त्यापेक्षा माझ्या कडब्याच्या गंजीत येते ती धामण बघायला या, तिला मी काहीच घालत नाही, उंदीर तिचे तीच शोधते. फक्त काठी घेऊन येऊ नका.